यीस्टची भिंत कुणाशी बोलते?

गेल्या अंकात या सदरात जाता जाता मी एक वाक्य लिहून गेले होते : यीस्टच्या पेशीभित्तिकेतली संयुगं रक्तवाहिन्यांच्या वाढीवर परिणाम करतात, पण तो एकाच दिशेनं होत नाही. अर्धवट वाक्य टाकून पुढे जायची माझी खोड जुनीच आहे. प्रयोगशाळेत हाताखालच्या मुलांनी ती तीस वर्षं सहन केली, वाचकांनी एक महिनाही केली नाही. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. लांबलचक पत्रांना कात्री लावली आहे, राग नसावा.

प्रश्न : एका लेखात वाचलं, की यीस्टमधलं बीटा-ग्लुकन नव्या रक्तवाहिन्या वाढवतं आणि म्हणून जखम भरते. दुसऱ्या लेखात वाचलं, की ते रक्तवाहिन्या रोखतं आणि म्हणून कर्करोगाची गाठ आक्रसते. मी आयुष्यभर गणित शिकवलं. दोन्ही विधानं खरी असू शकत नाहीत. थापा कोण मारतंय?

उत्तर : बहुधा कुणीच नाही, सर. दोघांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

आधी भिंत बघू. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या कोरड्या वजनातला १५ ते ३० टक्के भाग नुसत्या भिंतीचा असतो. त्या भिंतीचा साधारण अर्धा भाग ग्लुकनचा. ग्लुकन म्हणजे ग्लुकोजचे मणी ओवलेली माळ, पण गाठी वेगळ्या : मुख्य दोरा १,३ जोडणीचा आणि त्याला १,६ जोडणीचे फाटे (आकडे म्हणजे मण्यातल्या कुठल्या कार्बनला गाठ पडली ते). बाहेरच्या अंगाला मॅनोज साखरेनं लगडलेली प्रथिनं, त्यांना मॅनोप्रोटीन म्हणतात. आणि एकदोन टक्के कायटिन. जिवंत यीस्टमध्ये मॅनोप्रोटीनचा थर ग्लुकनला झाकून ठेवतो. कळी फुटून पिल्लू-पेशी सुटते तिथे आईच्या अंगावर एक वण राहतो, आणि त्या वणापाशी ग्लुकन उघडं पडतं.

आपलं शरीर हे ग्लुकन बनवत नाही. त्यामुळे ते दिसलं की ‘बुरशी आली’ हा अर्थ पक्का. ओळखणारा मुख्य ग्राही, म्हणजे पेशीच्या अंगावरचं ओळखपरेड घेणारं प्रथिन, डेक्टिन-१. बीटा-ग्लुकनचा ग्राही म्हणून त्याची ओळख २००१ मध्ये पटली. तो बसलेला असतो भक्षक पेशींवर, म्हणजे मॅक्रोफेजवर, शिवाय न्यूट्रोफिल आणि डेंड्रायटिक या दुसऱ्या प्रतिकारपेशींवर. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींनाही ग्लुकन थोडंफार कळतं आणि त्या इंटरल्यूकिन-८ हा संदेशरेणू सोडतात, पण मोठा आवाज भक्षक पेशींचाच. म्हणजे यीस्टची भिंत मुख्यतः रक्तवाहिनीशी बोलतच नाही. ती पहारेकऱ्याशी बोलते आणि पहारेकरी पुढे काय करतो त्यावर रक्तवाहिन्यांचं भवितव्य ठरतं.

पहारेकरी काय करू शकतो हे १९७७ मध्ये गिनीपिगच्या डोळ्यात फार सुरेख दिसलं. डोळ्याचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, हा रक्तवाहिन्यांविना जगतो. त्यात चेतवलेल्या भक्षक पेशी ठेवल्या, तर कडेच्या रक्तवाहिन्या त्यांच्या दिशेनं आत शिरल्या. न चेतवलेल्या पेशींनी हे केलं नाही. चेतवायला तिथे यीस्ट वापरलं नव्हतं, पण भक्षक पेशी चेतवायचं काम यीस्टची भिंत इतकं चोख करते, की तिच्यापासून केलेली झायमोसॅन नावाची भुकटी दाह निर्माण करण्यासाठी प्रयोगशाळांत पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. ग्लुकन लागलेल्या मोनोसाइट पेशीत (भक्षक पेशी हिच्यापासून घडते) एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन जागं होतं, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. आता गंमत पाहा. ऑक्सिजन कमी पडला की जागं होऊन रक्तवाहिन्या मागवणारं प्रथिन ते हेच. व्हीईजीएफ या वाढघटकाच्या जनुकाची कळ तेच दाबतं. आगीचा बंब बोलावायचा आणि नव्या रस्त्याची मागणी करायची, दोन्हींना एकच घंटा.

मग गाठीत उलट का होतं? कारण गाठीतले पहारेकरी फितूर झालेले असतात. ते आधीच व्हीईजीएफ सोडून गाठीला रक्त पुरवत बसलेले असतात. उंदरांत दिसलं ते असं, की यीस्टच्या ग्लुकनचे कण मिळाल्यावर या फितुरांतले बरेच जण पुन्हा लढाऊ होतात, गाठ लहान होते आणि तिचा रक्तपुरवठ्याचा हट्टही उतरतो. जखमेतला पहारेकरी सुस्त होता, त्याला हलवलं. गाठीतला चुकीच्या कामाला लागला होता, त्याला वळवलं. तुमच्या भाषेत सांगायचं तर फलन एकच, आरंभबिंदू दोन.

भिंतीतला सगळाच माल पहारेकऱ्यामार्फत काम करतो असंही नाही. ‘पिकिया होल्स्टी’ नावाचं एक यीस्ट अंगाबाहेर फॉस्फोमॅननचा चिकटा सोडतं. काटेकोर बोलायचं तर ही भिंतीची वीट नाही, भिंतीवरचं शेवाळ म्हणा. त्याचे मॅनोजचे छोटे तुकडे करून त्यांना सल्फेट जोडलं, तर जे तयार होतं ते शरीरातल्या हेपरान सल्फेटची, म्हणजे पेशींभोवतीच्या एका साखरसाखळीची, नक्कल करतं. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की हा पदार्थ ती साखळी तोडणाऱ्या हेपरानेज या विकराला फसवतो आणि नव्या रक्तवाहिन्या अडवतो. वाढघटकांनाही तो स्वतःला चिकटवून ठेवतो. त्याला पीआय-८८ असं नाव मिळालं. यकृताच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तो देऊन पाहण्याची मोठी चाचणीही झाली, तिच्यात अपेक्षेइतका फायदा काही हाती लागला नाही. प्रयोगशाळेतून दवाखान्याकडे जाताना अशी कितीतरी देखणी रसायनं गळतात. मी मोजणं सोडून दिलं आहे.

प्रश्न : वडिलांना पंचवीस वर्षांचा मधुमेह. डोळ्यात नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या म्हणून त्या रोखणारी इंजेक्शनं चालू आहेत. त्याच वेळी पायाच्या तळव्याला जखम आहे, ती तीन महिने भरत नाही आणि तिथे रक्तपुरवठा कमी आहे असं सांगतात. यीस्ट ग्लुकनच्या गोळ्या द्याव्यात असं एका नातेवाइकाचं म्हणणं. पायाला हवं ते डोळ्याला नको, मग गोळीला कळणार कसं कुठे काय करायचं?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी कापून भिंतीवर लावणार आहे. औषधशास्त्राच्या अर्ध्या इतिहासाला हा एकच प्रश्न विचारता येईल.

मधुमेहाचा हा विचित्रपणा खराच आहे. डोळ्याच्या पडद्यात ऑक्सिजन कमी पडतो, तिथल्या पेशी व्हीईजीएफचा पूर सोडतात आणि ठिसूळ, गळक्या रक्तवाहिन्या माजतात. पायाच्या जखमेत मात्र जास्त साखरेमुळे एचआयएफची ती घंटाच नीट वाजत नाही. भक्षक पेशी दाहाच्या अवस्थेत अडकून पडतात, साफसफाईकडून बांधकामाकडे वळतच नाहीत. आणि भक्षक पेशींविना जखम रखडते, हे १९७५ मध्येच गिनीपिगांत स्पष्ट झालं होतं. त्यामुळे जखमेवर ग्लुकन लावावं ही कल्पना बिनबुडाची नाही. यीस्टच्या ग्लुकनचं जखमेवर लावायचं जेल युरोपात वापरात आहे.

तुमच्या कोड्याचं उत्तर त्या ‘लावायचं’ या शब्दात आहे. डोळ्याचं औषधसुद्धा थेट डोळ्यातच टोचतात, ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. पायाचं पायाला लावायचं. गोळीला पत्ता कळत नाही म्हणून माणसानं पत्ता हातानं लिहायचा.

आणि गोळी तरी कुठवर पोचते? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १० निरोगी माणसांना रोज १००० मिलिग्रॅम ग्लुकन सात दिवस तोंडानं दिलं. रक्तात ते जेमतेम सापडलं आणि त्यांच्या पांढऱ्या पेशींच्या वागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. उंदरांत आतड्यातल्या भक्षक पेशी ग्लुकनचे कण गिळून अस्थिमज्जेपर्यंत वाहून नेतात हे खरं आहे, पण तुमचे वडील उंदीर नाहीत. तेव्हा डोळा बिघडेल या भीतीनं झोप घालवू नका, आणि पाय भरेल या आशेनं गोळ्याही आणू नका.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना उद्याच विचारा : पायाची मोठी धमनी मोकळी आहे ना? घोट्याशी नाडी लागते का, डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, केली का? विहिरीतच पाणी नसेल तर वाफ्यात पाट काढून काय होणार? ग्लुकन, व्हीईजीएफ, सगळी चर्चा केशवाहिन्यांची आहे. धमनी तुंबलेली असेल तर ती आधी उघडावी लागते. त्याशिवाय जखमेवरचा भार काढणं, मेलेला भाग साफ करणं आणि साखर आवरणं. जेल या सगळ्यानंतर. मी डॉक्टर नाही, पेशींच्या ताटल्या सांभाळणारी बाई आहे, पण जखमा भरवणाऱ्या डॉक्टरांबरोबर बरीच वर्षं बसले आहे, आणि त्यांचा हा क्रम मी कधी बदललेला पाहिला नाही.

प्रश्न : ओट्समध्येही बीटा-ग्लुकन असतं ना? मग वेगळं यीस्ट कशाला?

उत्तर : आडनाव एक, घराणं वेगळं. ओट्सच्या ग्लुकनमध्ये जोडण्या १,३ आणि १,४ आहेत. ते आतड्यात बुळबुळीत होऊन कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतं, रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर. डेक्टिन-१ ला हवी असते सलग १,३ जोडण्यांची माळ, आणि ती यीस्टमध्ये किंवा अळंबीत मिळते.

प्रश्न : धाकट्या बहिणीला मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. केमोबरोबर बेव्हॅसिझुमॅब देतात. यीस्ट ग्लुकननं या औषधाचा परिणाम वाढतो असं वाचलं. सुरू करावं का? की त्यानं रक्तवाहिन्या वाढून उलटं होईल?

उत्तर : ताई, तुम्ही वाचलंय ते कुठून आलं ते आधी सांगते. बेव्हॅसिझुमॅब ही व्हीईजीएफला पकडून ठेवणारी प्रतिद्रव्यं. अमेरिकेत २००४ मध्ये याच कर्करोगासाठी त्यांना मान्यता मिळाली. २००८ मध्ये उंदरांवरचं एक काम प्रसिद्ध झालं. माणसाच्या गाठी वाढवलेल्या उंदरांना ही प्रतिद्रव्यं आणि यीस्टचं ग्लुकन एकत्र दिलं, तेव्हा नुसत्या प्रतिद्रव्यांपेक्षा गाठी जास्त रोखल्या गेल्या.

मात्र त्यामागचं कारण रक्तवाहिन्यांचं नव्हतं. काही गाठींच्या पेशी व्हीईजीएफ सोडून न देता अंगावरच चिकटवून ठेवतात. प्रतिद्रव्यं त्याला जाऊन बसली, की रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं तिथे खूण करतात. ग्लुकननं तयार झालेले न्यूट्रोफिल ती खूण बघून पेशी मारतात. म्हणजे औषधाचा इथे झेंड्यासारखा उपयोग झाला. अंगावर व्हीईजीएफ न बाळगणाऱ्या गाठीत हा झेंडा रोवायला जागाच नाही. शिवाय त्या प्रयोगात ग्लुकन औषध म्हणून शुद्ध केलेलं होतं. डबीतल्या गोळ्यांवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही.

विरघळणारं आणि न विरघळणारं हा फरकही इथे येतो. डेक्टिन-१ कणांना जोरात उत्तर देतो, विरघळलेल्या ग्लुकनला तसं देत नाही. कण अंगाला भिडला की पेशीच्या पृष्ठभागावर एक खळगा तयार होतो, संदेश दाबून ठेवणारी प्रथिनं त्या खळग्याबाहेर ढकलली जातात आणि मगच पेशी पेटून उठते. हे २०११ मध्ये उलगडलं. डबीवर नुसतं ‘बीटा-ग्लुकन’ लिहिलेलं असतं तेव्हा आत नक्की काय आहे याची चौकशी कुणी करत नाही, आणि माझा सगळा वैताग इथेच आहे.

तेव्हा स्वतःहून सुरू करू नका. आधीच घेत असतील तर कर्करोगतज्ज्ञांना तोंडानं सांगा, फाईलमध्ये लिहून घ्यायला लावा. दोन गोष्टी विशेष जपायच्या. जिवंत यीस्टच्या कॅप्सूल, म्हणजे जुलाबांवर देतात त्या बौलार्डीच्या, केमो चालू असताना किंवा मोठ्या शिरेत नळी असताना डॉक्टरांना न विचारता अजिबात नकोत. जिवंत यीस्ट रक्तात शिरल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, आणि ती अशाच रुग्णांतली आहेत. दुसरं, शस्त्रक्रिया ठरली तर बेव्हॅसिझुमॅब आणि शस्त्रक्रिया यांत निदान २८ दिवसांचं अंतर ठेवतात, कारण ते जखमही भरू देत नाही. ‘जखम भरायला’ म्हणून त्या दिवसांत कुणी ग्लुकन पुढे केलं तर नम्रपणे बाजूला ठेवा.

उलटं होईल का, या तुमच्या भीतीबद्दल : गोळ्यांतल्या ग्लुकननं माणसाच्या आतड्यातल्या गाठीला रक्तवाहिन्या फुटल्या, असं माझ्या पाहण्यात काही आलेलं नाही. बहिणीला सांगा, एवढी काळजी नको.

प्रश्न : मॅडम, मी पदव्युत्तर वर्गात आहे. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर आठव्या दिवशी झायमोसॅनची चकती ठेवली. तीन दिवसांनी चकतीभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या रक्तवाहिन्या! कोऱ्या चकतीच्या अंड्यात काही नाही. आमचे मार्गदर्शक म्हणतात, लिहायला घे. घेऊ?

उत्तर : एकेरीत लिहिते, चालेल ना? नको घेऊस, इतक्यात नको.

माझ्याकडेही असं एक चाक होतं. तिसऱ्या दिवशी सुईनं दोनतीन मिलिलिटर पांढरा द्रव काढून घ्यायचा म्हणजे पडदा कवचापासून सुटून खाली बसतो, मग वरून खिडकी कापायची, चिकटपट्टी लावायची, आठव्या दिवशी चकती. सगळं तुझ्यासारखंच. चाक इतकं देखणं होतं, की त्याचा फोटो मी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. पुढच्या खेपेला एका कोऱ्या अंड्यात, जिथे काहीच ठेवलं नव्हतं, तिथेही चाक. भिंगाखाली पाहिलं तर आऱ्यांच्या मधोमध कवचाचा कण, टाचणीच्या टोकाएवढा. खिडकी कापताना पडलेला. कुठल्याही कणानं पडदा चिडतो, दाह होतो, आणि दाहामागोमाग रक्तवाहिन्या येतात. शिवाय चिडलेला पडदा आक्रसतो आणि आधीपासून असलेल्या रक्तवाहिन्याच ओढल्या जाऊन आऱ्यांसारख्या दिसतात. तेव्हा चाक दिसलं म्हणजे नवी वाढ झाली असं नाही. फोटो मी काचेखालून काढला नाही, त्याच्या शेजारी दुसरा ठेवला.

तेव्हा कोरी चकती पुरेशी नाही. झायमोसॅनच्या कणांएवढेच पॉलिस्टायरीनचे मणी ठेव, म्हणजे कण असण्याचा परिणाम वेगळा कळेल. तेच झायमोसॅन ग्लुकन तोडणाऱ्या ग्लुकनेज विकरानं पचवून ठेव. काही अंड्यांत आधी लॅमिनारिन दे. ते समुद्री शेवाळातलं विरघळणारं ग्लुकन डेक्टिन-१ ची जागा अडवतं. पण पक्ष्याच्या भ्रूणात त्यावर फार भिस्त ठेवू नकोस, आणि अकराव्या दिवशी पिल्लाची प्रतिकारशक्तीही अर्धीकच्ची असते, हेही प्रबंधात लिही. आऱ्या मोजणाऱ्याला कुठलं अंडं कुठलं ते कळता कामा नये. मोजणारी तू नसशील तर उत्तमच.

झायमोसॅनमध्ये एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या भिंतीतलं विष, मिसळलेलं नाही ना, तेही तपास. भक्षक पेशी त्यानंही तितक्याच पेटतात. इथे एक सापळा आहे. एंडोटॉक्सिनची नेहमीची चाचणी हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तावर चालते, आणि त्या रक्तात ग्लुकनलाही साद देणारा एक घटक असतो, घटक-जी. म्हणजे स्वच्छ ग्लुकनसुद्धा ‘घाण’ ठरू शकतं. तो घटक वगळलेला संच मागव. याच घटकावर बुरशीच्या संसर्गाची रक्तचाचणी बेतलेली आहे, तिथे मिलिलिटरला ८० पिकोग्रॅम ग्लुकन सापडलं की चाचणी होकारार्थी धरतात. एवढ्याशा ग्लुकननं ती खूश होते, यावरून काय ते समज.

खिडकी कापताना कवचाचा भुगा आत पडणार नाही असं बघ. मी तो ओल्या कापसानं टिपून घ्यायचे. तू तसं करू नकोस. कापसातूनही ती चाचणी फसेल एवढं ग्लुकन सुटतं. हे मला कळलं तेव्हा मी निवृत्त झाले होते, आणि किती अंडी कापसानं टिपली होती ते आठवत बसले होते.